डोळ्याचा पडदा फाटणे, सरकणे आणि त्यावरील शस्त्रक्रिया: खान्देशातील रुग्ण व नातेवाइकांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत मोतीबिंदूची शस्त्रक्रिया आता सहज उपलब्ध आहे. पडद्याच्या शस्त्रक्रियेची सोय मात्र मोजक्याच ठिकाणी असते, आणि अनेक रुग्णांना त्यासाठी नाशिक, मुंबई, छत्रपती संभाजीनगर, सुरत किंवा इंदूर गाठावे लागते. पडद्याच्या आजारात वेळेला फार मोठे मोल असल्यामुळे हे अंतर उपचाराचाच एक भाग ठरते. पुढील उत्तरे तेच ध्यानात ठेवून लिहिली आहेत.

डोळ्याचा पडदा म्हणजे नेमके काय?

डोळ्याच्या आतल्या बाजूला, मागच्या भिंतीवर पसरलेले, अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही पातळ असे चेतापेशींचे अस्तर म्हणजे पडदा, अर्थात दृष्टिपटल. सूक्ष्मदर्शकाखाली त्याचे दहा थर मोजले जातात. डोळ्याच्या पोकळीकडचा सर्वांत आतला थर हे एक पारदर्शक सीमापटल असते, आणि सर्वांत बाहेरचा थर रंगद्रव्य असलेल्या पेशींचा असतो. प्रकाश टिपणाऱ्या पेशी या रंगद्रव्यपेशींना टेकून उभ्या असतात आणि त्यांचा प्राणवायू व पोषण मुख्यतः त्यांच्याही मागे असलेल्या रक्तवाहिन्यांच्या जाळ्यातून येते. पडदा सरकतो तेव्हा हा टेकू सुटतो, पेशींची उपासमार सुरू होते, आणि मेलेल्या पेशी पुन्हा तयार होत नाहीत.

पडद्याच्या मधोमध असलेल्या लहानशा भागाला मॅक्युला म्हणतात. वाचणे, सुईत दोरा ओवणे, समोरच्याचा चेहरा ओळखणे ही सर्व कामे या भागावर चालतात. डोळ्याची उरलेली पोकळी सुमारे चार मिलिलिटर पारदर्शक जेलीने भरलेली असते. या जेलीत बहुतांश पाणीच असले, तरी तिच्यातील बारीक तंतू पडद्याला चिकटलेले असतात, आणि पडद्याच्या अनेक तक्रारींचे मूळ या चिकटण्यात असते.

पडदा फाटणे, पडदा सरकणे आणि पडद्यावर पापुद्रा येणे हे एकच आहे का?

हे तीन वेगळे प्रकार आहेत, आणि तिन्हींची घाई सारखी नसते. पन्नाशीनंतर जेली पातळ होते, आकसते आणि पडद्यापासून सुटू लागते. बहुतेकांत ती निमूटपणे सुटते. काहींत मात्र एखाद्या जागी ती घट्ट चिकटलेली असल्याने सुटताना पडद्याला ओढून फाडते. हा झाला फाटलेला पडदा. त्या भेगेतून पातळ झालेली जेली मागे शिरली, की सारवलेल्या भिंतीत ओल मुरून पोपडा सुटावा तसा पडदा मागच्या थरापासून सुटत जातो. हा झाला सरकलेला पडदा. भेग पडणे आणि पडदा सरकणे यांत काही तास, काही दिवस किंवा काही आठवडेही जाऊ शकतात. या मधल्या काळात रुग्ण पोहोचला तर बहुधा बाह्यरुग्ण विभागात केलेल्या लेझरवरच काम भागते.

पडदा भेगेशिवायही सरकू शकतो. मधुमेहात पडद्यावर वाढलेल्या तंतुमय झिल्ल्या त्याला पुढे ओढतात. काही दाहजन्य आजारांत, गाठींमध्ये किंवा गरोदरपणातील अतिरक्तदाबात पडद्यामागे पाणी साचते, आणि अशा वेळी शस्त्रक्रियेपेक्षा मूळ आजाराचा उपचार महत्त्वाचा ठरतो.

पापुद्रा येणे हा आणखी वेगळा प्रकार आहे. यात मॅक्युलावर पेशींची पातळ झिल्ली तयार होते, ती आकसते आणि पडद्याला सुरकुत्या पाडते. दाराची चौकट किंवा विजेचा खांब वाकडा दिसू लागतो. हा आजार महिनोन्महिने हळूहळू चालतो आणि त्यासाठी रात्रीची गाडी पकडण्याची गरज नसते.

कोणती लक्षणे दिसल्यास त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे?

एका डोळ्यासमोर अचानक काळ्या माश्यांचा किंवा काजळीसारख्या ठिपक्यांचा वर्षाव होणे, अंधारात डोळ्याच्या कडेला वीज चमकल्यासारखे वाटणे, आणि एखाद्या बाजूने काळी सावली सरकत येणे ही ती लक्षणे होत. वर्षानुवर्षे दिसणारा एखाददुसरा ठिपका सहसा निरुपद्रवी असतो. ठिपक्यांची संख्या एकाएकी वाढली तर मात्र बाहुली मोठी करणारे थेंब टाकून, पडद्याच्या कडेपर्यंत तपासणी झालीच पाहिजे. केवळ चष्म्याचा नंबर काढणे ही पडद्याची तपासणी नव्हे. थेंबांमुळे काही तास धूसर दिसते, म्हणून रुग्णाने स्वतः दुचाकी चालवत येऊ नये.

डोळा दुखत नाही, लालही नाही. मग एवढी घाई कशासाठी?

पडद्याला वेदना जाणवणाऱ्या नसा नसतात, त्यामुळे तो पूर्ण सरकला तरी दुखत नाही. दुसरा डोळा चांगला असल्यास दोन्ही डोळे उघडे ठेवून पाहणाऱ्याला कित्येक दिवस काही कळतही नाही. कापूस वेचणीच्या किंवा केळी कापणीच्या दिवसांत “एवढे काम उरकू, मग बघू” असे म्हणून थांबलेले रुग्ण याच कारणाने उशिरा येतात.

तज्ज्ञांचा पहिला प्रश्न मॅक्युला अजून जागेवर आहे का, हा असतो. मॅक्युला बसलेला असेल आणि सावली मध्यापर्यंत आलेली नसेल, तर शस्त्रक्रिया शक्यतो एक-दोन दिवसांत करतात, कारण हाती असलेली वाचण्याची दृष्टी वाचवायची असते. मॅक्युला आधीच सुटला असेल तर साधारण आठवड्याच्या आत शस्त्रक्रिया झालेली बरी. त्यानंतर पडदा बसवता येतो, पण दृष्टी त्या प्रमाणात परतत नाही.

माझ्या मते लांबच्या गावातील रुग्णाने सर्वांत आधी जवळच्या नेत्रतज्ज्ञाकडून पडदा पाहून घ्यावा, आणि त्यांनीच पुढच्या केंद्राला फोन करून “मॅक्युला बसलेला आहे” किंवा “सुटलेला आहे” हे कळवावे. या एका वाक्याने पुढची वेळ ठरते. अन्यथा रुग्ण दोनशे किलोमीटर जातो आणि तिथे पुढच्या आठवड्याची तारीख मिळते. प्रवासात कोणत्या कुशीवर झोपावे, हेही निघण्यापूर्वी विचारून घ्यावे. भेगेची जागा खालच्या बाजूला राहील अशी मान ठेवल्यास सरकणे काहीसे मंदावू शकते.

थेंब, गोळ्या किंवा घरगुती औषधाने सरकलेला पडदा बसतो का?

भेग पडून सरकलेला पडदा कोणत्याही थेंबाने किंवा गोळीने बसत नाही. मध, दूध, तूप, झाडपाल्याचा रस असे काहीही डोळ्यात घालू नये.

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतरही दिसत नाही, किंवा काही महिन्यांनी पडदा सरकला. शस्त्रक्रिया चुकली का?

बहुतेक वेळा असे नसते. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया डोळ्यातील भिंग बदलते, मागच्या पडद्याला ती हात लावत नाही. पडदा आधीच मधुमेहाने किंवा अन्य आजाराने खराब असेल, तर नवे भिंग कितीही चांगले असले तरी चित्र उमटणार कशावर? मोतीबिंदू पूर्ण पिकलेला असेल तर डॉक्टरांना आतला पडदा दिसतच नाही. अशा वेळी डोळ्याची सोनोग्राफी करून पडदा जागेवर असल्याची खात्री करता येते. शिबिरातून शस्त्रक्रियेसाठी नाव नोंदवताना नातेवाइकांनी “पडदा तपासला का, दिसत नसेल तर सोनोग्राफी करणार का” हे विचारण्यात काहीच गैर नाही.

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर पडदा सरकण्याचा धोका थोडा वाढतो, हेही खरे आहे. भिंग काढल्यावर जेली पुढे सरकते व लवकर सुटते. बहुतेक रुग्णांत पुढील काही वर्षांचा हा धोका शंभरात एकापेक्षा कमी असतो. मोठा उणे नंबर, कमी वय, पुरुष असणे, आणि शस्त्रक्रियेत भिंगामागचे आवरण फाटून जेली पुढे येणे या गोष्टींनी तो वाढतो. आवरण फाटले असल्यास तसे सुटीच्या कागदावर लिहून घ्यावे. पुढच्या डॉक्टरांना ती नोंद फार उपयोगी पडते.

मधुमेहामुळे पडद्याची शस्त्रक्रिया का करावी लागते?

साखर दीर्घकाळ वाढलेली राहिली की पडद्यातील केशवाहिन्या बंद पडतात. प्राणवायूला मुकलेला पडदा नव्या रक्तवाहिन्या उगवण्याचा इशारा देतो, पण त्या ठिसूळ असतात. त्या फुटल्या की जेलीत रक्तस्राव होतो, आणि त्यांच्यासोबत वाढलेल्या झिल्ल्या आकसल्या की पडदा ओढला जातो. लेझर आणि डोळ्यातील इंजेक्शने वेळेवर घेतल्यास बहुतेकांची शस्त्रक्रिया टळते. झिल्ली मॅक्युलाला ओढू लागली किंवा रक्त विरघळत नसले, तर शस्त्रक्रिया करून झिल्ल्या एकेक करून कापाव्या व सोडवाव्या लागतात. पडद्याच्या शस्त्रक्रियांमधील हे कठीण काम आहे, कारण झिल्ली व पडदा एकमेकांत गुंतलेले असतात आणि सोडवताना नवी भेग पडू शकते. मधुमेह असलेल्या प्रत्येकाने, दिसण्यात काही फरक नसला तरीही, वर्षातून एकदा पडदा तपासून घ्यावा.

घरात सिकलसेल आहे. त्याचा डोळ्याच्या पडद्याशी काय संबंध?

नंदुरबार जिल्ह्यात आणि सातपुड्याच्या पायथ्याशी राहणाऱ्या भिल्ल, पावरा आदी समाजांत सिकलसेल आढळतो, म्हणून हा प्रश्न येथे विस्ताराने घेणे आवश्यक वाटते. या आजारात तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या व ताठर होतात आणि पडद्याच्या कडेच्या बारीक वाहिन्यांत अडकतात. तिथे पंख्याच्या आकाराचे नव्या वाहिन्यांचे झुपके उगवतात. त्यांतून रक्तस्राव होतो, झिल्ल्या तयार होतात आणि पडदा ओढला किंवा फाटला जातो. मॅक्युला मध्यभागी असल्याने शेवटपर्यंत चांगले दिसत राहते, आणि म्हणूनच तपासणीशिवाय हे कळत नाही. सिकलसेल आजार असलेल्या मुलांची पडद्याची तपासणी वयाच्या दहाव्या वर्षापासून सुरू करावी आणि दर एक-दोन वर्षांनी करत राहावी.

शस्त्रक्रियेच्या वेळी ही माहिती दडवली गेल्यास नुकसान होऊ शकते. डोळ्याच्या गोळ्याभोवती सिलिकॉनची घट्ट पट्टी शिवल्याने डोळ्याच्या पुढच्या भागाचा रक्तपुरवठा या रुग्णांत धोक्यात येतो. डोळ्यातील दाब थोडा वाढला तरी पडद्याचा रक्तप्रवाह थांबू शकतो, आणि दाब कमी करण्यासाठी सर्रास दिली जाणारी असिटाझोलामाइडची गोळी पेशी विळ्यासारख्या होण्याचे प्रमाण वाढवू शकते. भूल देताना शरीरात पाणी व प्राणवायू कमी पडणार नाही याचीही दक्षता घ्यावी लागते. केवळ वाहक असलेल्यांचा पडदा सहसा निरोगी राहतो. मार लागून डोळ्याच्या पुढच्या भागात रक्त साचले, तर मात्र त्यांनीही आपण वाहक असल्याचे सांगितले पाहिजे. राष्ट्रीय सिकलसेल ॲनिमिया निर्मूलन अभियान जुलै २०२३ मध्ये सुरू झाले असून त्यात तपासणीनंतर कार्ड दिले जाते. ते कार्ड शिधापत्रिकेइतकेच जपून ठेवावे आणि डोळ्याच्या डॉक्टरांनाही दाखवावे.

शेतात किंवा कामावर डोळ्याला मार लागल्यास काय करावे?

कपाशीची वाळलेली काडी, बाभळीचा काटा, विटी, बैलाचे शिंग, छिन्नी-हातोड्याने उडालेली लोखंडाची कपची ही आपल्याकडची नेहमीची कारणे आहेत. डोळा फुटल्याचा किंवा आत काही घुसल्याचा संशय असेल तर तो धुऊ नये, चोळू नये आणि घुसलेली वस्तू ओढून काढू नये. डोळ्यावर दाब येणार नाही अशी वाटीसारखी कडक झापड लावून लगेच निघावे. लोखंडाचा कण आत असण्याची शक्यता असताना एमआरआय काढणे धोकादायक असते, म्हणून एक्स-रे किंवा सीटी स्कॅन करतात. याउलट चुना, आम्ल किंवा फवारणीचे औषध डोळ्यात गेले तर क्षणाचाही विलंब न करता भरपूर स्वच्छ पाण्याने धुणे हाच पहिला उपचार आहे.

बोथट मार फसवा असतो. डोळा आठवडाभरात बरा दिसू लागतो, पण पडद्याच्या कडेला पडलेली भेग लक्षात न आल्यास काही महिन्यांनी पडदा सरकतो. तरुण मुलांत हे विशेषकरून दिसते.

पडद्यावर कोणत्या प्रकारच्या शस्त्रक्रिया करतात?

नुसती भेग असेल तर लेझरने किंवा अतिशीत उपचाराने तिच्याभोवती व्रण तयार करून पडदा तिथे पक्का करतात. पडदा सरकला असेल तर तीन मार्ग आहेत. निवडक रुग्णांत डोळ्यात वायूचा बुडबुडा सोडून आणि मान ठरावीक स्थितीत ठेवून भेग बंद करता येते. दुसऱ्या मार्गात डोळ्याच्या बाहेरून सिलिकॉनची पट्टी शिवून भिंत आत दाबतात, त्याला बकल म्हणतात. तरुण रुग्णांत, जिथे जेली अजून घट्ट आहे, हा मार्ग आजही उत्तम आहे. तिसरा मार्ग विट्रेक्टोमीचा. यात बुबुळाच्या कडेपासून साडेतीन ते चार मिलिमीटर मागे तीन सूक्ष्म छिद्रे पाडून जेली काढतात, ओढ सोडवतात, पडदा बसवतात, लेझर करतात आणि शेवटी डोळा वायूने किंवा सिलिकॉन ऑइलने भरतात. छिद्रे अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासची असल्याने बहुधा टाके लागत नाहीत.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत सरकलेला पडदा म्हणजे अंधत्व असेच मानले जाई. स्वित्झर्लंडमधील लोझान येथील ज्यूल गोनँ यांनी भेग बंद केल्याशिवाय पडदा बसत नाही हे दाखवून दिले. जर्मनीच्या एर्न्स्ट कुस्टोडिस यांनी १९४९ मध्ये बकलची पद्धत आणली, आणि रॉबर्ट माखेमर यांनी १९७० च्या सुमारास अमेरिकेत आजच्या विट्रेक्टोमीचा पाया घातला. साधने कितीतरी बदलली, तरी भेग शोधून बंद करणे हे गोनँ यांचे सूत्र अजूनही कायम आहे.

पडद्याचाच पापुद्रा सोलून काढतात हे खरे आहे का? त्याने पडद्याला इजा होत नाही का?

खरे आहे, आणि हा प्रश्न अगदी योग्य आहे. मॅक्युलावरची वाढलेली झिल्ली काढताना, किंवा मॅक्युलाला पडलेले छिद्र बंद करताना, पडद्याचा सर्वांत आतला थर, म्हणजे वर उल्लेखलेले सीमापटल, काही मिलिमीटर व्यासात सोलून काढतात. हा थर केसाच्या जाडीच्याही एक लहानसा अंश असतो व पूर्ण पारदर्शक असतो, म्हणून तो दिसावा यासाठी निळा रंग वापरतात आणि अतिसूक्ष्म चिमट्याने कड पकडून गोलाकार सोलत जातात. थर ताठर असल्याने तो गेल्यावर पडदा सैल होतो आणि छिद्राच्या कडा जवळ येतात. झिल्ली पुन्हा वाढण्याची शक्यताही कमी होते. केली आणि वेंडेल यांनी १९९१ मध्ये मॅक्युलाचे छिद्र विट्रेक्टोमीने बंद होऊ शकते हे प्रसिद्ध केले. तोवर हा आजार असाध्य मानला जात होता.

इजेचा हिशेब मात्र मांडलाच पाहिजे. पडद्याला आधार देणाऱ्या म्युलर पेशींचे पाय या थरात रोवलेले असतात, त्यामुळे तो सोलताना त्यांनाही काही धक्का बसतो. नंतर ओसीटी या पडद्याचे थर दाखवणाऱ्या तपासणीच्या चित्रांत चेतातंतूंच्या थरात बारीक खळगे दिसतात. बहुतेक रुग्णांना त्याची जाणीव होत नाही, काहींना संवेदनक्षमतेत सूक्ष्म घट होते. मॅक्युलाच्या मोठ्या छिद्रात ही किंमत मोजणे निश्चितच योग्य आहे. साध्या पापुद्र्यात, ज्याला वाचता येते आणि वाकडेपणाचा त्रास नाही अशा रुग्णाने केवळ ओसीटीच्या कागदावर सुरकुती दिसली म्हणून शस्त्रक्रियेची घाई करू नये, असे माझे मत आहे. घरी आलेखाच्या कागदावर मध्यभागी ठिपका काढून, वाचण्याचा चष्मा लावून, एकेका डोळ्याने पाहावे. रेषांचा वाकडेपणा वाढत असल्यास पुन्हा तपासणी करावी.

डोळ्यात गॅस भरला आहे. मुंबईहून घरी परतताना घाटाचा त्रास होतो का?

होऊ शकतो. उंचीवर हवेचा दाब कमी होतो, बुडबुडा फुगतो आणि डोळ्यातील दाब वाढतो. मुंबई समुद्रसपाटीला आहे, इगतपुरी सुमारे ६०० मीटरवर, आणि जळगाव पुन्हा दोनशे मीटरच्या आसपास. म्हणजे मुंबईहून कसारा घाट चढून येईपर्यंत बुडबुडा सुमारे सात टक्क्यांनी फुगतो. डोळा पूर्ण भरलेला असेल किंवा काचबिंदू असेल तर एवढी वाढही दुखणे व धूसरपणा आणू शकते. म्हणून सुटीच्या दिवशीच “आम्हाला कसारा घाटातून जायचे आहे” असे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे. ते दाब तपासून निघण्याचा दिवस ठरवतील. सुरत-नंदुरबार-जळगाव हा तापीच्या खोऱ्यातून जाणारा लोहमार्ग असा घाट टाळतो, याचा विचार करण्यासारखा आहे. छत्रपती संभाजीनगरहून चाळीसगावकडे येताना कन्नडचा घाट उतरणीचा असतो, त्यामुळे तो तुलनेने कमी त्रासाचा. तोरणमाळ तर अकराशे मीटरपेक्षा उंच असल्याने गॅस असेपर्यंत तिथे जाऊच नये.

विमानप्रवास पूर्णपणे वर्ज्य आहे. विमानाच्या आतील हवेचा दाब सुमारे १८०० ते २४०० मीटर उंचीवरच्या दाबाइतका असतो, आणि एवढ्याने डोळ्याचा रक्तपुरवठा थांबून कायमचे अंधत्व येऊ शकते. एसएफ-सिक्स हा वायू साधारण दोन आठवड्यांत, तर सी-थ्री-एफ-एट सहा ते आठ आठवड्यांत विरतो. या काळात दुसऱ्या कोणत्याही शस्त्रक्रियेसाठी भूल घ्यावी लागली तर डोळ्यात गॅस असल्याचे आधी सांगावे, कारण भुलीतील नायट्रस ऑक्साइडने बुडबुडा झपाट्याने फुगतो.

सिलिकॉन ऑइल भरलेले असेल तर उंचीचा असा धोका नसतो. मात्र ते आपोआप विरत नाही, काही महिन्यांनी दुसरी शस्त्रक्रिया करून काढावे लागते. “आता दिसते आहे, कशाला पुन्हा” म्हणून तेल वर्षानुवर्षे ठेवल्यास दाब वाढतो व बुबुळ खराब होते.

पालथे झोपणे किती दिवस आणि कशासाठी?

बुडबुडा वर तरंगतो, म्हणून भेग जिथे असेल तो भाग वर राहील अशी मान ठेवावी लागते. मॅक्युलाच्या छिद्रात चेहरा खाली करून काही दिवस राहण्यास सांगतात. भेग वरच्या बाजूला असेल तर बसून राहणेही पुरते. गॅस असताना पाठीवर उताणे झोपू नये, त्याने भिंगावर परिणाम होतो व दाब वाढतो. वैशाखातल्या भुसावळच्या उन्हात पालथे पडून राहणे सोपे नाही, हे मान्य आहे. छातीखाली उशी, कपाळाला आधार आणि तासातून काही मिनिटांची विश्रांती घेतली तर ते निभते.

वेळेआधी जन्मलेल्या बाळाचा पडदा तपासायला का सांगतात?

अशा बाळाच्या पडद्यातील रक्तवाहिन्यांची वाढ अपुरी असते आणि पुढे झिल्ल्या होऊन पडदा सरकू शकतो. ३४ आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या किंवा २००० ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या बाळाची तपासणी जन्मापासून तीस दिवसांच्या आत झालीच पाहिजे, फारच लहान बाळांची त्याहून लवकर. बाळ दवाखान्यातून घरी आले म्हणून ही तारीख चुकवू नये.

शस्त्रक्रियेनंतर दृष्टी किती परत येते?

भेगेमुळे सरकलेला पडदा एकाच शस्त्रक्रियेत बसण्याचे प्रमाण साधारण ८५ ते ९० टक्के आहे. उरलेल्यांत मुख्य अडथळा पडद्यावर नव्याने तयार होणाऱ्या झिल्ल्यांचा असतो, आणि त्यासाठी पुन्हा शस्त्रक्रिया लागते. पडदा बसणे आणि दिसणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. मॅक्युला सुटण्यापूर्वी पोहोचलेल्यांची दृष्टी बहुधा पूर्वीसारखी राहते, सुटल्यानंतर आलेल्यांची सुधारणा अनेक महिने हळूहळू होते आणि क्वचितच पूर्ण होते. विट्रेक्टोमीनंतर वयस्कर रुग्णांत मोतीबिंदू लवकर पिकतो. ती अपेक्षित गोष्ट आहे.

खर्चासाठी शासकीय मदत मिळते का?

महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत पडद्याच्या काही शस्त्रक्रियांचा समावेश आहे. कोणत्या रुग्णालयात नेमकी कोणती शस्त्रक्रिया योजनेत होते, हे तेथील आरोग्यमित्राकडून फोनवरच विचारून घ्यावे. शिधापत्रिका आणि आधार कार्ड सोबत घेऊनच निघावे, कारण कागदासाठी परत यावे लागले तर दोन दिवस जातात.

एका डोळ्याचा पडदा सरकला. दुसऱ्या डोळ्याचे काय?

दुसऱ्या डोळ्याला धोका सर्वसामान्यांपेक्षा जास्त असतो, विशेषतः मोठा उणे नंबर किंवा पडद्याच्या कडेला जाळीदार पातळपणा असल्यास. त्याच भेटीत दुसऱ्या डोळ्याचीही बाहुली मोठी करून कडेपर्यंत तपासणी करावी. लक्षणे देणारी भेग सापडली तर लगेच लेझर करतात, नुसत्या जाळीदार पातळपणाला सरसकट लेझर लागत नाही. आई-वडील किंवा भावंडांपैकी कुणाचा पडदा सरकला असेल आणि स्वतःला मोठा उणे नंबर असेल, तर तक्रार नसतानाही एकदा तपासून घ्यावे. पुढे दररोज एक डोळा झाकून दुसऱ्याने, मग दुसरा झाकून पहिल्याने, भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे पाहण्याची सवय ठेवावी.